मी पिऊन दाखवलेला पेला

नोकरीत माझं जाहीर कौतुक दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा एकाच पेलाभर पाण्याबद्दल.

पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या दवाखान्याचा सांडपाण्याचा प्लँट नुकताच सुरू झाला होता. दवाखाना सोलापूर शहराच्या बाहेर, मागच्या भिंतीपलीकडे ओढा आणि ओढ्याच्या काठाला पंधरा-वीस घरांची वस्ती. प्लँटमधून साफ होऊन निघालेलं पाणी पाइपानं ओढ्यात सोडायचं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी वस्तीतल्या लोकांनी पाइपाच्या तोंडाशी दगड रचले. दवाखान्याची घाण आमच्या विहिरीत उतरेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. आमचे प्रशासनाचे साहेब तासभर समजावत होते. त्यांचा घसा बसला, दगड जागचे हलले नाहीत.

विहीर नागव्वाची. ती आणि तिचा नवरा शिवप्पा अक्कलकोटकडून येऊन इथे तुकडाभर शेत करत होते. वस्तीला नळ नव्हता, टँकर मनात आलं तर यायचा, त्यामुळे सगळी घरं तिच्याच विहिरीचं पाणी प्यायची. ते पाणीही उन्हाळ्यात तळाला जायचं.

मला त्या वेळी काय सुचलं कोण जाणे. मी नागव्वाला म्हणालो, "एक पेला आण." तिनं घरातून स्टीलचा पेला आणला. त्यावर शिवप्पाचं नाव कोरलेलं होतं, लग्नात आलेला असणार. मी तो पाइपाखाली धरून भरला, उन्हात वर धरून सगळ्यांना दाखवला आणि एका दमात पिऊन टाकला. मग नागव्वाच म्हणाली, "अण्णा प्याले न्हवं? मग आमी बी पितो की."

दगड निघाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. दवाखान्यात आठवडाभर माझंच नाव चाललं होतं.

पुढचे दोन दिवस माझं पोट बिघडलं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोला म्हणालो, भजी बाधली.

संपादकांनी कळवलंय की दिवाळी अंक आहे, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. गमती घडल्याच, त्या लिहितो. पण हा पेला मध्ये येत राहील, त्याला माझा इलाज नाही.

मी मूळचा डार्करूमचा माणूस. आता एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर दिसतो, म्हणून थोडं समजावून सांगतो. पूर्वी एक्स-रे फिल्मवर निघायचा. ती फिल्म अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्यात, आधी एका टाकीत बुडवायची. तिथे चित्र उमटायचं. त्या टाकीतल्या पाण्याला डेव्हलपर म्हणायचं. मग दुसऱ्या टाकीत बुडवायची, तिथे चित्र पक्कं व्हायचं. ते हायपो. मग वाहत्या पाण्यात धुऊन चिमट्याला टांगायची. फिल्मवर चांदीचा लेप असतो आणि चित्रात कामी न आलेली चांदी हायपोत उतरते. म्हणजे सोलापूरकरांची हाडं मोडत होती आणि आमच्या टाकीत चांदी जमत होती.

या कामात माझं हत्यार म्हणजे माझं नाक. डेव्हलपर बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागतं आणि जुनं झालं की उकळून उरलेल्या चहासारखं दिसतं. हायपोला आंबूस वास असतो, म्हातारं झालं की त्यात कुजक्या अंड्याचा वास मिसळतो. मी दारात उभा राहून सांगायचो, हायपो आज बदलायचं की परवा. फिल्म कंपनीच्या इंजिनिअरला त्यासाठी कागदाच्या पट्ट्या बुडवून बघाव्या लागायच्या. तो पट्टी बुडवायचा, रंग जुळवायचा आणि शेवटी माझ्याकडे बघून मान डोलवायचा. माझी नखं मात्र कायमची तपकिरी झाली. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी हळूच चौकशी केली होती, मुलगा सूत रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला आहे का म्हणून.

वापरलेलं हायपो मोरीत ओतायचं नाही, असा मी नियम केला होता. भांडी घासायची बारीक लोखंडी तार मिळते, ती एका पिंपात गच्च भरायची आणि हायपो त्यातून हळूहळू सोडायचं. तार विरघळत जाते आणि तिच्या जागी चांदी काळ्या गाळासारखी बसते. तो गाळ न्यायला एक म्हातारा चांदीवाला यायचा. दरवेळी तो चिमूटभर गाळ बोटांत चोळायचा आणि तोंड वाकडं करायचा. "अण्णा, ह्यात गंज जास्त, चांदी कमी." मी म्हणायचो, "यंदा लोक कमी पडलेत. आता काय जिन्यात तेल ओतू?" तो हसायचा नाही. धंद्यातली माणसं दुसऱ्याच्या विनोदाला हसत नाहीत.

डेव्हलपरचं मात्र आम्ही काहीच करत नव्हतो. ते सरळ मोरीत जायचं. सगळीकडे तसंच चालायचं.

प्लँट बांधून झाला तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. "मल्लिनाथ, तुला केमिकलं कळतात." एवढ्या पात्रतेवर मी डार्करूम सांभाळून प्लँटचाही मुख्य झालो. हाताखाली इलाही नावाचा एक माणूस, अंगानं किरकोळ, कामाला वाघ. प्लँटचं काम ऐकायला सोपं आहे. आधी जाळीत बोळे, पट्ट्या अडवायच्या. मग मोठ्या टाकीत खालून हवा सोडायची. त्या टाकीत कोट्यवधी जिवाणू असतात, आम्ही त्यांना किडे म्हणायचो. ते घाण खातात. मग पाणी निवळायचं, वाळूतून गाळायचं, क्लोरिन द्यायचं आणि सोडून द्यायचं. सगळा प्लँट त्या किड्यांच्या जिवावर चालतो. ते जगले तर तुम्ही जगलात.

पहिल्याच वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी सोलापुरात यंत्रमागापासून रिक्षापर्यंत सगळ्याची पूजा होते. आमच्या डार्करूमचीही व्हायची. रीत अशी की आदल्या दिवशी दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करायच्या, घासून लख्ख करायच्या, नवमीला हळदकुंकू, झेंडू वाहायचा आणि दसऱ्यानंतर ताजं औषध भरायचं. वीस वर्षं मी हे करत आलो होतो. त्या वर्षीही केलं. वर्षभरात मुदत संपून पडलेले डेव्हलपरचे डबेसुद्धा काढले, देवाच्या कामात हयगय नको म्हणून, आणि सगळं डेव्हलपर एका दमात मोरीत ओतलं. मोरी आता कुठे जाते हे जगात सगळ्यात चांगलं मलाच ठाऊक होतं. पण हात जुने होते, हातांना ठाऊक नव्हतं.

नवमीला सकाळी मी झेंडूचा हार घेऊन एक्स-रे मशीनपाशी उभा होतो. इलाही पळत आला. "अण्णा, टाकी मर गई. कीडे सब मर गये."

टाकीवर पांढरा फेस हातभर चढला होता आणि खाली पाणी काळं पडलं होतं. वास असा की झेंडूचा हार हातात असूनही नाकात दुसरं काही शिरेना. पंप बंद करेपर्यंत बरंच पाणी ओढ्यात गेलं होतं. चौथ्या दिवशी नागव्वा भिंतीपाशी आली. हातात कळशी होती. "अण्णा, पाण्याला वास मारतोय बगा. पोरं त्वांड धुयाला बी तयार न्हाईत."

मी कळशीत नाक घातलं. माझंच डेव्हलपर होतं, मला अंधारातसुद्धा ओळखू आलं असतं.

मी आणि इलाहीनं तीन आठवडे खपून ती टाकी परत जिवंत केली. शेणाचा काला आणि गूळ टाकायचा, हवा द्यायची आणि वाट बघायची, याला दुसरं औषध नाही. नागव्वाच्या विहिरीवर पंप बसवून चार वेळा उपसा केला. तेवढे दिवस दवाखान्याच्या गाडीतून वस्तीला पाणी दिलं. मग एक दिवस तिनं कळशी पुन्हा माझ्यासमोर धरली. मी वास घेतला. काही नव्हतं. मी म्हणालो, "पी आता." ती प्यायला लागली.

त्या प्रसंगातून मी भलताच धडा घेतला. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की पाण्यात काही असेल तर माझ्या नाकाला कळतंच, आणि नाकाला कळलं नाही तर पाण्यात काही नाही. नागव्वानंही तोच धडा घेतला, पण तिनं तो माझ्याकडून घेतला.

पुढे फिल्म गेली. डार्करूमचा दरवाजा काढून तिथे जिन्याखालच्या खोलीसारखी अडगळ झाली. एक्स-रे पडद्यावर दिसू लागला, डेव्हलपर नाही, हायपो नाही. मी प्लँटवर कायमचा आलो आणि भेटेल त्याला सांगू लागलो, आता आपलं पाणी गंगाजळ. दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन आलं होतं. लांबलांबून रुग्ण येऊ लागले. रुग्ण वाढले तसं प्लँटचं पाणीही वाढलं आणि ओढ्याला बारमाही धार लागली. नागव्वाची विहीर ऐन मे महिन्यात भरलेली दिसू लागली. शिवप्पा मला रस्त्यात भेटला की हात जोडायचा. "अण्णा, तुमच्या पाण्यानं वस्ती जगली." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

अशात एक मुलगी आली. सुजाता तिचं नाव, केम गावची, शेतकऱ्याच्या घरातली, शहरात कॉलेजात शिकत होती. बर्फाची पेटी आणि बाटल्या घेऊन ती कॉलेजच्या प्रकल्पासाठी पाण्याचे नमुने मागत होती. साहेबांनी परवानगी दिली, कारण त्यांनाही वाटत होतं की आपलं पाणी गंगाजळ आहे. तिनं आमच्या पाइपाचा नमुना घेतला आणि ओढ्याकाठच्या विहिरीचाही. नमुने तपासायला पुण्याला गेले. दोन महिन्यांनी ती कागद घेऊन आली आणि साहेबांकडे न जाता आधी माझ्याकडे प्लँटवर आली.

"काका, दोन्हीकडं सापडलंय," ती म्हणाली.

"काय सापडलंय?"

"सीटीचा डाय."

सीटी स्कॅन करताना शिरेतून एक औषध देतात, म्हणजे रक्तवाहिन्या, किडनी वगैरे पडद्यावर उठून दिसतात. दवाखान्यात सगळे त्याला डाय म्हणतात, पण त्याला रंग नसतो, ते पाण्यासारखंच दिसतं. आत आयोडिन असतं. शरीर त्याला हात लावत नाही. जसं घातलं तसंच दिवसभरात लघवीतून बाहेर पडतं, बरंचसं पहिल्या काही तासांतच. बाहेर पडलं की आमच्या टाकीत येतं आणि आमचे किडेही त्याला हात लावत नाहीत. वाळूतून जातं, क्लोरिनमधून जातं. ते कशाशीच भांडत नाही म्हणून तर शिरेत देता येतं, आणि कशाशी भांडत नाही म्हणूनच पाण्यात तसंच राहतं.

मला राग आला. मी तिला म्हणालो, "पोरी, हे पाणी मी पिऊन दाखवलंय."

"म्हणून तर आधी तुमच्याकडं आले, काका." ती शांतपणे म्हणाली. "आमच्या केमला कुंकवाचे कारखाने हायत. कुंकू पाण्यात सांडलं तर आंधळ्याला बी कळतंय. ह्याला रंग न्हाय, वास न्हाय, चव न्हाय. तुमी पिऊन काय कळणार?"

मी विचारलं, "यानं माणसाला काय होतं?"

"माहीत न्हाय. लई थोडं हाय. रोज, वर्षानुवर्षं प्यालं तर काय होतंय ते मला तरी कुटं सापडलं न्हाय. काहीच होत नसंल बी. पण पाण्यात असू नये की ते."

ती गेल्यावर मी पाइपापाशी जाऊन पाणी ओंजळीत घेतलं आणि बराच वेळ वास घेत बसलो. इलाही लांबून बघत होता. मला काहीही कळलं नाही.

यानंतरचं दीड वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं. एकदा पाण्यात मिसळलं की ते काढणं आपल्या आवाक्यात नाही, हे सुजातानं सांगितलंच होतं. नारळाच्या कवटीच्या कोळशाचं पिंप लावून पाहिलं. थोडे दिवस पकडतो, मग कोळसा भरून जातो आणि सगळं सोडून देतो. म्हणजे मिसळायच्या आधीच धरायला हवं. मी साहेबांच्या मागे लागून सीटीच्या शेजारी एक वेगळा संडास बांधून घेतला. त्याची टाकी वेगळी, मुख्य पाइपाला जोडलेली नाही. डाय दिलेल्या रुग्णानं चार तास तिथंच बसायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि त्याच संडासात जायचं. दवाखान्यात त्याला 'मल्लिनाथचा संडास' हेच नाव पडलं. हयातीत स्वतःच्या नावाची वास्तू बघायला भाग्य लागतं.

लोकांना चार तास बसवणं सोपं नव्हतं. एक निवृत्त मास्तर माझ्यावर भडकले. "पस्तीस वर्षं मी पोरांना एकी-दुकीला सोडत आलो. आता मला तुझी परवानगी लागणार?" मी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली, तेव्हा पुरते चार तास बसले आणि दुसऱ्या दोघांनाही उठू दिलं नाही. शहराच्या पूर्व भागातली एक तेलुगू बाई, यंत्रमागावर काम करणारी, बसायला वेळ नाही म्हणून निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं परत आली. पिशवीत झाकण घट्ट लावलेल्या दोन बाटल्या होत्या. "तुमीच बोल्ले ना, गटारात टाकू नको म्हणून," ती म्हणाली आणि बाटल्या माझ्या हातात देऊन त्याच रिक्षानं कामावर गेली. मी त्या दोन बाटल्या हातात घेऊन उभा राहिलो. इतकं ऐकणारी माणसं असतात, हे मला माहीत नव्हतं.

वेगळ्या टाकीतलं आम्ही सिमेंटच्या उथळ वाफ्यांत, पत्र्याखाली वाळवायचो. सोलापूरचं ऊन, त्याला काय कमी. वाळून उरलेलं पोत्यात सीलबंद करून घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. इलाही नाकाला फडकं बांधून म्हणायचा, "लोगां पापड सुखाते अण्णा, हमे क्या सुखारे देखो."

सुजातानं पुन्हा नमुने घेतले. कमी झालं होतं. गेलं नव्हतं, कारण वॉर्डात पडून असलेले रुग्ण उठून तिथवर येऊ शकत नव्हते. पण कमी झालं होतं. ती माझ्या पाया पडली, मला कसंतरीच झालं.

मग दवाखान्याला सीटीच्या शेजारी बसायचा मोठा हॉल हवा झाला. नकाशात माझा संडास मध्ये येत होता. साहेबांनी मला समोर बसवलं, चहा मागवला.

"मल्लिनाथ, ह्या डायची काही मर्यादा कायद्यात आहे का?"

"माझ्या माहितीत तरी नाही, साहेब."

"वस्तीत कुणाला काही झालंय?"

"ते सांगता येत नाही."

"मग झालं तर. आणि हे बघ, वस्तीत काही बोलू नकोस. दुसरं पाणी आपण देऊ शकतो का त्यांना? नाही. मग उगाच भीती घालून काय मिळणार?"

त्यांचं बोलणं मला तेव्हा अगदीच अन्यायाचं वाटलं नाही, हे कबूल करतो. मी मान हलवली. आठ दिवसांत संडास पाडला. मला कुणी धमकी दिली नाही, नोकरी जाईल असंही कुणी म्हणालं नाही. मी गप्प बसलो तो मी होऊनच. नागव्वाला काय सांगायचं? की मी पिऊन दाखवलेल्या पेल्याला काही अर्थ नव्हता? ते तोंडातून निघेना, एवढंच खरं कारण. पुढची दोन वर्षं मी तिला भिंतीपाशी पाहिलं की प्लँटच्या दुसऱ्या बाजूला जायचो.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना शिवप्पाच दवाखान्यात आला. पोट दुखायचं, जेवण जात नव्हतं, माणूस अर्धा झाला होता. त्याला सीटी सांगितलं. मी कळल्यावर खाली गेलो. नव्या हॉलमध्ये, जिथे माझा संडास होता साधारण तिथेच, तो बाकावर आडवा होता. डाय देऊन झालेला होता. नागव्वा शेजारी बसली होती. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं आलासा अण्णा. डाक्टर म्हणले, ह्यांस्नी लई पाणी पाज, औषद भाईर पडाया पायजे."

"तो कूलर तिकडे आहे," मी म्हणालो.

"हितलं गार पाणी ह्यांस्नी बाधतंय. आपल्या विहिरीचं आणलंय की." तिनं पायाशी ठेवलेला कॅन दाखवला. मग पिशवीतून पेला काढला. तोच, शिवप्पाचं नाव कोरलेला. "मी डोस्कं उचलते. तुमी तेवढा पेला धरा."

मी पेला धरला.

त्या पाण्यात काय आहे हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. प्लँटमधून ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत, विहिरीतून कॅनमध्ये आलेलं ते पाणी मी एक घोट, दोन घोट करत शिवप्पाच्या तोंडात घातलं. त्यानं चार पेले प्यायले. प्रत्येक पेल्यानंतर तो माझ्याकडे बघून मान हलवायचा, बोलायची ताकद नव्हती. मग त्याला लघवीला लागली. मी दंडाला धरून कडेच्या संडासात नेलं, दाराशी थांबलो आणि आत पाणी सोडल्याचा आवाज ऐकला. ते कुठल्या पाइपातून कुठे वळतं आणि किती दिवसांनी नागव्वाच्या विहिरीपाशी पोहोचतं, हे मी डोळे मिटून सांगू शकलो असतो.

तेव्हाही मी बोललो नाही. आजारी माणसासमोर कशाला, असं स्वतःला सांगितलं.

शिवप्पा पुढच्या संक्रांतीला गेला. पोटात गाठ होती, उशिरा कळली. मी एका डॉक्टरांना आडून आडून विचारलं, पाण्यामुळे असं होतं का. ते म्हणाले, "छे, ह्याचा त्याचा काही संबंध नाही." तसंच असेल. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. पण माझ्या शब्दावर नागव्वाचा असाच विश्वास होता, हे मनातून जात नाही.

माझा निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. साहेब बोलायला उठले आणि त्यांनी पेल्याची गोष्ट सांगितली. कशी गर्दी होती, कसे दगड होते आणि कसा हा माणूस पुढे होऊन गटागटा प्यायला. "ही असते कामावरची निष्ठा," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत इलाही होता, त्यानं वाजवल्या नाहीत. तो खाली बघत होता. माझ्या कौतुकाची ही दुसरी वेळ, आणि मला त्या शालीत घाम फुटला.

शुक्रवार पेठेतल्या घरी येऊन मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि वस्तीवर गेलो.

नागव्वा दारात शेंगा फोडत बसली होती. कपाळ मोकळं दिसत होतं. मला बघून उठली. "बर्री अण्णा, कुंद्री," म्हणत तिनं बसायला घोंगडी टाकली. आपापल्या घरी आमची दोघांचीही भाषा कानडीच, पण मला त्या दिवशी कानडीत बोलायचा धीर झाला नाही. मी मराठीत म्हणालो, "नागव्वा, एक सांगायचंय."

"सांगा की. आदी पाणी तर घ्या."

दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं, ही आपली सगळ्यांची रीत. तिनं आतून गुळाचा खडा आणला आणि पेला भरून माझ्यासमोर ठेवला. नाव कोरलेली बाजू माझ्याकडे होती.

मी पेला उचलला. ओठांपर्यंत नेला. काही वास नव्हता. एकदा उन्हात उभं राहून मी हेच केलं होतं, आणि आता एक घोट पिऊन दाखवला असता तर बोलायची गरजच उरली नसती. हात तिथेच थांबला. मी पेला खाली ठेवला.

नागव्वा माझ्याकडे बघत होती.

"पीत न्हाईसा व्हय, अण्णा?"

मग मी सगळं सांगितलं. डाय, सुजाता, वेगळा संडास, तो पाडला ते, मी दोन वर्षं भिंतीपासून पळत होतो ते, हॉलमध्ये पेला धरला ते. पोट बिघडलं होतं तेसुद्धा सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "तुमी प्याला त्या दिवशी बी हुतं काय त्यात?"

"थोडं असेल. किडनीच्या एक्स-रेला तेव्हाही हेच देत होते. मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"आन ह्यांस्नी पाजलं तवा?"

"तेव्हा ठाऊक होतं."

विहिरीवर शेजारची सून कळशी बुडवत होती, तिचा आवाज येत होता. नागव्वानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं.

"मग आता आमी काय प्यायचं, अण्णा?" ती म्हणाली. रागानं नव्हे, खरंच विचारावं तसं. "तुमास्नी ठावं हाय ते सांगा की."

नळ नाही, टँकरचा भरवसा नाही, दुसरी विहीर नाही. तिनं थोडी वाट पाहिली. मग माझ्यासमोरचा पेला उचलला. मला वाटलं, ओतून टाकेल.

"आमच्यात पाणी टाकत न्हाईत," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.